काचेपलीकडचं सँडविच

वीजबिलाच्या पाठीवर ह्यांनी चित्र काढलं.
एक चौकोन, त्यात तिरकी रेघ,
रेघेवर अर्धा गोल.
"हा आंबा. आणि हे पांढरं सगळं साय.
आपली साय नव्हे गो, फेटलेली. निम्मी हवाच."

बावीस वर्षं मालवाहू जहाजावर भंडारी होते.
सव्वीस माणसांचं रांधायचे,
कप्तानाचं अंडं किती मिनिटं उकळायचं
हे झोपेतही सांगतील.
घरी आले की चहासुद्धा मीच करायचा.
आता गुडघ्यांनी समुद्र सोडवला
आणि ह्यांना मधूनच कोबे आठवतं.

हर्णैतली मे महिन्यातली दुपार. तीनला लाईट गेली.
दापोलीहून आणलेलं क्रीमचं पाकीट
बंद फ्रीजमध्ये घामेजायला लागलं.
"बर्फ पायजे," म्हणाले, आणि छत्री उघडून
फॅक्टरीकडे चालते झाले.
आले ते चोगल्यांच्या टेंपोतून,
मांडीवर टोप, टोपात लादीचा तुकडा.
बर्फाला बांगड्याचा वास.
"ह्याच्यावर गोड करायचं?"
"बर्फ खाली, भांडं वर. वास काय उडी मारतोय?"

मी फेटत राहिले.
माझ्या हाताला लोण्याची सवय,
थांबायचं कुठं हे त्याला कधी कुणी शिकवलंच नाही.
हे मान वाकवून भांड्यात बघत होते,
"शेंडा उभा राहील, मग जराशी मान टाकेल.
बास. बास म्हटलं ना!"

आंबा असा हवा की उद्या पिकेल.
आजचा पिकलेला पाव भिजवतो.
सोबत फणसाचे गरे, काप्याचे.
बरका म्हटलं तर नुसती बोटंच चिकटायची.
स्लाइसच्या कडा कापताना माझा जीव कासावीस.
भाकरीचा पापुद्रा न टाकणारी मी,
कडा परसात कोंबड्यांना घातल्या
आणि पाठ फिरवली.

पहिलं कापलं. आत सगळं पांढरं.
आंबा होता आत. सुरी त्याच्या बाजूनं गेली.
हे काही बोलले नाहीत.
मी झाडूचा एक हीर मोडला,
दुसऱ्याला वरून टोचून ठेवला,
सुरी इथून जायची म्हणून.
चक्क्याच्या ओल्या फडक्यात गुंडाळलं,
वर ताट, ताटावर पाटा नाही, नुसता पेला,
आणि बर्फाशेजारी तास-दीड तास.

त्या तासात कोबे आलं.
स्टेशनाजवळचं दुकान, काचेची पेटी,
पेटीत दिवा, दिव्याखाली ओळीनं सँडविच,
प्रत्येकाच्या पोटात स्ट्रॉबेरीचं फूल.
"लोकं रांगेत उभी, आवाज नाही कुणाचा.
मी पण उभा राहिलो, मग रांगेतून बाहेर आलो."
"का?"
"त्या महिन्यात स्लॅब टाकायचा होता ना आपला."
मी वर बघितलं. स्लॅब होता.
कोपऱ्यात ओल धरतो, पण आहे.

सुरी गरम पाण्यात बुडवली, पुसली,
हिराच्या रेषेवर धरली.
ह्यांचा हात माझ्या मनगटाजवळ येऊन
न टेकता थांबला.
कापलं.
पिवळी चंद्रकोर, तिला लागून गऱ्याची फिकट पाकळी,
पांढऱ्यात बुडालेली, न विस्कटलेली.
चित्रापेक्षा बरं आलं होतं.

"असंच लागायचं तिकडं?"
"मला काय ठाऊक? खाल्लं कुठं?
काच होती मधे."

मग दोघं पायरीवर बसून खाल्लं.
गार, मऊ, आंब्याचा आंबटपणा जिभेच्या कडेला,
आणि अगदी शेवटी, लांबून आल्यासारखा,
बांगडा.
मी बोलले नाही. हेही बोलले नाहीत,
बोटं चाटत राहिले.

चोगल्यांचं मांजर मात्र उठून आलं,
खालच्या पायरीवर बसलं,
अगदी खात्रीनं.