हद बघून

कुकरची शिट्टी काढली, रबर काढलं,
तळाला जाडं मीठ पसरलं दोन बोटं,
त्यावर कडं, कड्यावर ताटली,
ताटलीला डालडा. तूप नाही, डालडाच.
तुपाचा वास या आठवणीत कधी नव्हता.

खानापुरात स्टेशनकडं वळताना डाव्या हाताला
इमामसाब नदाफची बेकरी होती.
आता पोराचं टाइल्सचं दुकान आहे तिथं.
भट्टीची भिंत तेवढी पाडलेली नाही,
तिला टेकून कमोड उभे केलेत, ओळीनं, पांढरेशुभ्र.

"दिलपसंद? आता कोण खातंय, अक्का?"
असं म्हणत दादापीर आत गेला
आणि लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आला,
कोपरे उंदरानं खाल्लेले.
"न्या. तेवढी परत आणून द्या."

वही कानडीत.
पासष्ट वर्षं झाली मला या मातीत.
बसची पाटी वाचते, दुधाची पिशवी वाचते,
म्हणजे वाचत नाही, ओळखते,
लांबून चालीवरून माणूस ओळखावं तसं.
पण हे पुसट शाईचं, घाईतल्या हाताचं
मला भिजवलेल्या मटकीसारखं दिसतं,
गोल गोल, मोड आलेलं.

वरच्या मजल्यावरची सहना चौथीत आहे.
ओट्यावर चढून, पाय हलवत वाचू लागली:
मैदा हत्तु किलो.
दहा किलो? अगं, दोघींपुरतं कर.
तिच्या गणिताच्या वहीत मागून भागाकार मांडला,
अंड्याशी येऊन अडलो.
पाऊण अंडं फोडायचं कसं?
"अख्खं घाला मावशी, कोंबडी विचारायला येत नाही."

सक्करे. कोब्बरी. चिमूटभर उप्पु.
मग चेरी, आणि ती हसतच सुटली:
चेरीपुढं इमामसाबनं लिहिलं होतं, पपई.
ज्या लाल तुकड्यावरून मी आणि यल्लू पाटणेकर
सहावीत महिनाभर बोललो नव्हतो
ती कच्ची पपई होती, रंगात बुडवलेली.
पंचवीस पैशांचा एक त्रिकोण, दोघींत.
टोकाकडं सारण, कडेला नुसता पाव.
ते टोक कुणाचं, यावर सगळी मैत्री.

शेवटच्या ओळीवर सहना थांबली.
"हद नोडी तेगी."
म्हणजे?
"म्हणजे हद बघून काढा."
हद म्हणजे काय गं?
ती छताकडं बघत राहिली.
"म्हणजे... झालं की ते. कच्चं नाही, जास्तीचंही नाही.
अज्जी म्हणते, आली की कळते."
किती मिनिटं?
"मिनिटं लिहिलेली नाहीत."

मला हद्द माहीत होती.
तिच्यावरून बंद, घोषणा, पाट्यांना फासलेलं डांबर.
अशाच एका बंदला इमामसाबनं मागच्या दारातून
आम्हा पोरींना पाव दिले होते,
कुठली, कुणाची, काही न विचारता.
एका अक्षरानं अलीकडची ही हद
मला कुणी सांगितली नव्हती.

पहिला करपला.
दुसरा कुत्र्यानंही हुंगून सोडला.
तिसऱ्याला मी घड्याळ पालथं घातलं आणि
पाटावर बसून राहिले, हात मांडीवर.
खोबऱ्याचा वास आधी आला, मग साखरेचा,
मग दोन्ही वेगळे ओळखू येईनासे झाले.
जिन्यावर पावलं वाजली.
सहना, तोंडात पेन्सिल:
"बंतु!"

तसा नाही झाला. किंदळाच्या लाकडाचा धूर नाही,
तळाला चिकटलेला वर्तमानपत्राचा तुकडा नाही,
ज्यावरची उलटी बातमी आम्ही चाटूनपुसून खायचो.
पण पोटातली गोडी ती होती, थोडी करकरीत,
दाताखाली येणारी पपई ती होती.

वहीच्या मागच्या पानांवर उधारी आहे,
नावं आणि आकडे, काही खोडलेले, काही तसेच.
त्यातली दोन नावं वाच म्हणून
सहनाला सांगितलं नाही.
दादापीरसाठी एक त्रिकोण तिच्याच घरच्या
कानडी पेपरात बांधला, वहीवर ठेवला.

टोकाकडचा भाग तिला देणार होते मी.
बघते तर तिनं तो केव्हाच मोडून घेतला होता.