अठरा किलो

भिंतीवरच्या फळीत धनुष्य आडवं बसवलंय.
खाली मोडीत गेलेल्या मागाची कप्पी,
कप्पीतून दोरी, दोरीच्या मध्ये लटकता काटा,
इस्माईल भंगारवाल्याकडून उसना आणलेला.
एरवी तो त्याच्यावर पितळ तोलतो.
मी सहा हात लांब उभा राहून ओढतो.
फुटलं तर तोंडावर यायला नको,
शिवाय लांबूनच दिसतं
कुठली भुजा अंग चोरते ते.

श्रीवल्लीला अठरा हवंय.
अठ्ठावीस इंच ओढीला अठरा किलो,
वहीच्या पानावर लिहून दिलंय, खाली दोन रेघा.
मी म्हटलं, पोरी, चाळीस वर्षं धोटे केलेत,
धनुष्य नाही.
धोटा जातो आणि येतो. जातो आणि येतो.
हे तुझं नुसतंच जाणार.

लाकूड धामणीचं, बाळीवेशीतल्या वखारीतलं.
पाठीवर एकच वर्ष ठेवलंय,
एका पावसाळ्याचं एक कडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत
कुठंही न चिरता.
कुठला पावसाळा होता कोण जाणे.
आपल्याकडचा नसणार,
चांगला बोटभर जाड होता.

पहिल्या दिवशी वीस इंचांवरच काटा पंचवीसला.
मग फुटक्या बाटलीच्या काचेनं पोट खरवडायला घेतलं.
खरवडायचं, तीसदा ओढायचं, मग बघायचं.
लाकडाला बातमी उशिरा पोचते.
डावीचं पोट हलकं केलं की उजवी ताठ वाटते,
उजवीला समजावलं की डावी रुसते.
शेजारी यंत्रमागांची खडखड,
तिच्यात लाकडाची कुरकुर ऐकू येत नाही.
वीज गेली की मी पटकन ओढून घ्यायचो,
कान पुढे करून.
तेवीस. एकवीस. साडेएकोणीस.

आणि मग मे महिन्यातली ती दुपार.
पत्रा तापलेला, घाम भुवईतून डोळ्यात,
हात चांगला चालत होता, तेच वाईट झालं.
काट्याकडे बघितलं तर सोळा.
दोन किलो माझ्या पायाशी पडले होते,
मऊ, पिवळे, वळलेले.
नरसम्मा झाडू घेऊन आली, म्हणाली,
भरून ठेवू का, परत लावायला?

पहाटे चारला उठून पुन्हा टांगलं.
सव्वासोळा.
पाव किलो गार हवेनं दिलं,
नऊ वाजता परत घेतलं.

श्रीवल्ली आली. मी बोललो, अठराच आहे.
तिनं ओढलं, गालापर्यंत आणलं, धरलं,
सावकाश परत सोडलं. बाण नव्हताच लावलेला.
"मामा, काटा खोटं बोलायलाय का तुम्ही?"
मी इस्माईलवर ढकललं.
ती काही बोलली नाही. खांदा चोळला नाही तिनं,
तेवढ्यावरून मला कळलं तिला कळलंय.

रात्रभर पंखा बघत पडलो.
लावता येत नाही, मान्य.
पण आखूड बाज वाकवून बघा,
आखूड वस्तू हट्टी असते.
सकाळी करवत घेतली
आणि दोन्ही टोकांची दीड-दीड इंच कापली,
ज्या टोकांना कानशीनं खाचा पाडायला
मला दोन दिवस लागले होते.
कापताना नरसम्मा दारातून आत आली नाही.

नव्या खाचा. दोरी. कप्पी. काटा.
पावणेअठरा, आणि सुई हलत राहिली,
कधी अठराला शिवून, कधी नाही.

नीलम नगरच्या मोकळ्या प्लॉटवर
गवताच्या गठ्ठ्यावर तिनं सहा बाण मारले.
चार गठ्ठ्यात, एक जमिनीत,
एक अजून सापडला नाही.
वजन तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
घरी येऊन वहीतल्या दोन रेघांखाली
तिनं काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

कापलेली टोकं खिडकीत आहेत.
धोट्याला लहान, खुंटीला मोठी.
इस्माईल काटा न्यायला आला तेव्हा
त्यानं एक उचलून हातावर झेललं,
सवयीनं,
आणि म्हणाला, याला वजनच नाही.