दोन गुणांनी

हडर्सफील्ड, शुक्रवार, सहा वाजून दहा.
मुदत संपत आली. डेपोतल्या बारा जणांना
माझा निरोप: जखमी बदला रे,
मढी काय खेळवताय!

लीग जिवंत राहावी म्हणून एक नियम केला:
तळाला जो, त्याने पहिल्याचा कप्तान नेमायचा.
पहिला मी. तळाला ग्लेनिस.
तिने नेमला माझा राखीव गोलकीपर,
का, तर त्याचे कान
अगदी ब्रायनसारखे.

ब्रायन ऑक्टोबरात गेला.
त्याचा संघ यादीतून कुणी काढला नाही;
ते अकरा दर शनिवारी
आपले आपण धावतात.

परवा त्यांनी मला हरवलं. दोन गुणांनी.
ग्लेनिसने कँटीनमध्ये जॅफा केक वाटले,
मुलगा पास झाल्यासारखे.
मी दोन उचलले,
गुणाला एक.