चौथा आकडा

दुकान उघडलं ते रात्री, भांडी निथळत असताना,
लॅपटॉपच्या तापलेल्या पोटाशी.
सोडे, जवळा, आगळ, कुळथाचं पीठ,
तिरफळं पन्नास ग्रॅम.
फोटो संज्योतने काढले, नव्या सुपात मांडून.
सगळं झालं. मग पडद्याने विचारलं,
तुम्ही कुठवर पोचवता?

मला वाटलं होतं, सगळीकडे.
पडद्याला सगळीकडे चालत नाही.
त्याला सहा आकडे हवेत,
आकड्यांपुढे रक्कम, रकमेपुढे दिवस.

भाग पाडत गेले.
पहिला स्कूटरचा. अन्वर होडेकर, तीस रुपये,
पेट्रोल वाढलं तर पस्तीस,
पण ते लिहायला जागा नाही.
दुसरा एसटीचा, कंडक्टरच्या मर्जीवर.
तिसऱ्यात चार एक सहा लिहून पुढे फुली दिली
तर अख्खा जिल्हा आत आला
आणि घाटावरचं कोल्हापूरही, न विचारता.
मुंबईचा कुरियरवाला सोडे घेत नाही, वास येतो म्हणतो.
तीन पिशव्या, वर मेणकापड, तरी नाक वर करून.

वासू खोबरेकरांना दाखवलं.
पस्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस,
यादी चष्म्याखाली धरून म्हणाले,
"ह्या एका पिनात सात वाड्ये गो.
पाचांक रस्तो. सहावीक पाणंद.
सातवी पावसाळ्यात आसता का नाय, माका म्हायत नाय."
पडद्यावर सातही वाड्या सारख्याच हिरव्या.

समोरचा किनारा मी वगळला.
मागल्या दारातून दिसतो, कपडे वाळत घातलेले ओळखू येतात,
पण रस्त्याने पुलापर्यंत जायचं, मग परत तेवढंच यायचं.
अन्वर नव्वद मागतो.
नव्वद रुपयांत आगळाची बाटली येते.

पंधरा दिवसांनी अहवाल उघडला,
आपण कुणाकुणाला नाही म्हटलं त्याची यादी.
नागपूर एकदा.
बेळगाव दोनदा.
आणि एक पिन एकोणीस वेळा,
रोज रात्री दहानंतर,
टोपलीत तेच, आगळ एक, तिरफळं पन्नास ग्रॅम.

चार एक सहा, मग पाच.
आमचं चार एक सहा, मग सहा.
म्हणजे खाडी त्या चौथ्या आकड्यातून वाहते,
आणि मला ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

एकोणीस वेळा 'क्षमस्व'.
तो शब्दही मीच निवडलेला,
तिघांतला जरा बरा वाटला म्हणून.
दार उघडून पाहिलं. पलीकडे सात-आठ दिवे.
त्यातला कुठला, ते अहवालात नसतं.

सकाळी धक्क्यावर आत्माराम तांडेलला विचारलं,
एका पिशवीचे काय घेशील?
तो इंजिनाला दोरी गुंडाळत होता.
"पिशवी काय माणूस आसा? ऱ्हवात कोपऱ्यात उभी."

नवा भाग केला.
नाव लिहिलं: तर.
संज्योत म्हणाली, वाक्य अर्धवट राहिलंय.
रक्कम शून्य.
दिवसांच्या चौकटीत लिहायचं होतं,
भरती असली तर उद्या, वारा पडला तर परवा.
चौकट फक्त आकडा घेते.
एक लिहिला. खोडला. दोन लिहिला.

चार रात्री कुणी आलं नाही.
मी दर अर्ध्या तासाने पडदा उघडून बघायची,
जशी चुलीवरच्या दुधाकडे.
वाटलं, विसाव्या वेळी कोण विचारतं.

पाचव्या रात्री, दहा वाजून वीस मिनिटांनी,
आगळ एक. तिरफळं नाहीत.
नाव सगुणा गिरप.
घर क्रमांकाच्या जागी रेघ.
जवळची खूण:
तरीवरून हाक मारली की ऐकू येतं.