चार सेकंद

कुताइसीत, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे
एक थेटर अजून तग धरून आहे.
तिकीट नुगझार फाडतो, मशीनही तोच चालवतो,
हीटर मात्र कुणीच चालवत नाही.
गेल्या आठवड्यात तिथे मी तीन सिनेमे पाहिले.

पहिल्यात युद्ध होतं.
उपाशी शिपायांना एक म्हातारी पाव देते,
ते तो मोडतात आणि रडतात,
आख्खं थेटर नाक ओढतं.
मी पावाकडे बघत होते.
वाफ नाही, मोडताना आवाज नाही,
कालचा पाव. परवाचाही असेल.
बावीस वर्षं तोनेच्या तोंडाशी वाकून
माझ्या उजव्या हातावर केस उरला नाही,
मला कोण फसवणार?

शेजारी माक्वाला, प्रसूतिगृहातली.
तिचंही असंच. पडद्यावर बाई बाळंत झाली
की ही खुसखुसते:
'तीन महिन्यांचं पोर काढलं बघ पोटातून,
दात तेवढे यायचे राहिलेत.'
पुढचे लोक मागे वळून डोळे वटारतात.

दुसऱ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच
की मी झोपले,
आणि झोप चांगली लागली.

तिसरा इटलीतला.
नायक खिडकीशी उभा राहून बोलतो.
फार बोलतो. प्रेम, बालपण, विकलेली होडी.
बाहेर समुद्र, आत त्याची आजारी आई,
आणि आईच्या पलंगामागे, उजेड संपतो तिथे
एक बाई डबीत गोळ्या भरते आहे.
सोमवार. मंगळवार. बुधवार.
गुरुवारपाशी कॅमेरा सरकतो.
संपली ती. परत येत नाही.

मी नावं वर जाईपर्यंत बसून राहिले.
घोडा सांभाळणाऱ्याचं नाव होतं,
सिनेमात घोडा पाहिल्याचं मला आठवत नाही.
तिचं नव्हतं.

माझी आई अकरा वर्षं बारी शहरात आहे.
दुसऱ्या कुणाच्या आईला उठवते, पुसते, कुशीवर वळवते.
दर महिन्याला मिनीबसनं तिचा खोका येतो:
कॉफी, साबण, भाच्याला बूट,
दर वेळी एक नंबर लहान, कारण तिथे तो अजून सहा वर्षांचाच आहे.
खोक्याचा वास मला पाठ आहे.
ती खोली मी कधी पाहिली नाही.

शुक्रवारी परत गेले. शनिवारी परत.
'एवढा आवडला?' नुगझार म्हणाला.
'छे. फार बोलतो तो माणूस.'
शनिवारी त्यानं पैसे घेतले नाहीत.
त्या दिवशी मी मोठ्यानंच म्हणाले असेन,
'जरा बाजूला हो ना रे,'
कारण माक्वालानं माझा दंड धरला
आणि ती हसली नाही.

रविवारी आईचा फोन.
सांगितलं तिला, पाठ थेट तुझ्यासारखी,
डावा खांदा जरा खाली.
'अगं, या कामात सगळ्यांचाच येतो खाली.'
डबी निळी होती.
'माझी पिवळी. शनिवारचं झाकण तुटलंय.'
मग थोडा वेळ नुसता
त्या म्हातारीचा खोकला.
'तिच्या पायात काय होतं?' आईनं विचारलं.
पाय दाखवले नाहीत.
'मग त्यांना काय डोंबल कळलंय?
फरशी किती गार असते इथली.'

खोकला वाढला. 'थांब हं,' म्हणाली
आणि फोन तसाच उघडा ठेवून गेली.
पीठ मळायची वेळ टळत होती,
वाझानं दारातून दोनदा हाक मारली,
मी कानाला फोन लावून बसलेली.

सपक, सपक, सपक,
लोकरीच्या सपाता, गेल्या नाताळात मी पाठवलेल्या,
एकीचा तळ सुटलाय बहुतेक.