बावीस ग्रॅम

वकील बासरकरांनी फोनवर विचारलं,
"सर, तुमचा एम.फिल.चा प्रबंध आहे ना जवळ?"
आहे. किनवटच्या भाड्याच्या खोलीत,
ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात.
काळी बांधणी, सोनेरी अक्षरं,
पान एकशे अकरा, तक्ता सात:
मोईची साल, बावीस ग्रॅम.
धावड्याचा डिंक, नऊ.
मोडल्या हाडावर लेप, सकाळी.

समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कंपनीनं
दाव्याच्या तिसऱ्या कलमात हेच लिहिलंय.
बावीस. नऊ. सकाळी.
"योगायोगानं वीस येतील, पंचवीस येतील,
बावीस नाही येत, सर."
बासरकर खुशीत होते. "चोर सापडला."
मी उगाच मागं वळून पाहिलं.

शहाण्णवचा मार्च. बोधडीच्या वरच्या अंगाला कोलामांचा पोड.
सोनाराकडून उसना आणलेला तराजू मी फांदीला टांगलेला,
समोर लेतूबाई आत्राम उकिडवी.
किती साल घ्यायची?
मूठभर.
मूठभर म्हणजे किती?
तिला हसू आलं. मूठ भरली, पारड्यात उघडली.
उजव्या हाताची मूठ, तीन बोटांची.
करंगळी आणि तिच्या शेजारचं
मोहं वेचताना अस्वलानं नेलेलं.

म्हणजे त्या परदेशी कागदावर,
अर्जक्रमांकाखाली, शिक्क्यासकट,
एका बाईचा हात नोंदवलाय
दोन बोटं वजा करून.

ती पुढंही बोलली होती.
"माही मूठ कायले मोजतं?
ज्याचं हाड, त्याची मूठ.
लेकराले लेकराची."
मी ऐकलं होतं. वहीत लिहिलंही होतं, पेन्सिलीनं.
पण तक्त्याचा रकाना बोटभर रुंद,
आणि मार्गदर्शक म्हणाले, मूठ हे काय माप झालं?
आकडा टाका.
टाकला.

ऋणनिर्देशात ग्रंथपाल आहेत, टंकलेखक आहे,
माझे सासरेसुद्धा आहेत.
ती आहे 'स्थानिक माहितगार', अनेकवचनात.

पोडातले जुळून आलेले पाय, मनगटं, खुबे
आजही डोंगर चढतात, लाकडं फोडतात,
पण त्यांच्यावर तारीख नाही.
माझ्यावर आहे. बारा ऑगस्ट, जावक क्रमांक, गोल शिक्का.
कायद्याला विचाराल तर हे ज्ञान
त्या दिवशी विद्यापीठाच्या खिडकीपाशी जन्मलं,
आणि पावती माझ्या नावानं फाटली.

रविवारी पोडावर गेलो.
तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आवाजावरून ओळखलं.
दावा मराठी करून वाचून दाखवला, कलम तीन दोनदा.
शेळीच्या पाठीवर हात फिरवत ऐकत राहिली.
मी वाट पाहत होतो, आता शिवी देईल.
मला किंवा त्यांना, कुणालाही चाललं असतं.
तिनं एवढंच विचारलं,
"तिकडं लेकराचे हाडं मोडतेत का?"
मोडतात की.
"मंग लिही त्याइले.
बावीस लेकराले लई होते. चामडी सोलून निघंल.
त्याची मूठ घ्या म्हणावं."

तिनं अंगठा दिला. अंगठा शाबूत आहे.
प्रतिज्ञापत्राच्या शेवटी मी तिचं वाक्य घातलं, तसंच्या तसं.
बासरकरांनी तांबड्या पेनानं आडवी रेघ मारली.
"आपण विरोध करतोय, सर.
दुरुस्ती नाही सुचवत."
बरोबर आहे त्यांचं. खटला जिंकायचा असेल तर
आकडा चुकीचा आहे हे सांगायचं नसतं.
चूक तीच आहे एवढं पुरे.

काल तास संपल्यावर प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं
आणि सालीनं माझी मूठ भरली.
सदतीस.
झटकून पुन्हा भरली.
चौतीस.
परत. एकेचाळीस.
झाडू घेऊन आलेला पोशट्टी
दारातूनच म्हणाला,
"काटा बिघडला असंल, सर."