रापणीच्या वहीची मागची पानं

रापणीच्या वहीत पुढून हिशेब असतो :
जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोर ओढणाऱ्या हातांचे वाटे,
आणि जिचा माणूस दर्यात गेला तिचा अर्धा.
मी ती वही उलटी धरते.
मागून पहिल्या पानावर :
सकाळी सहा दहा, सुकती, एकोणतीस पूर्णांक चार.

पाऱ्याची नळी रत्नागिरीहून आलेल्या मुलीनं दिली.
सुतळी बांधून म्हणाली, रोज एकाच जागी, ताई,
तळाशीलच्या याच वळणावर.
कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मी शंभर मोजते.
सुरूच्या बुंध्याशी बसून सासरे हसतात,
"पाण्याक ताप इलो काय गो, डाक्तरणी?"

त्यांना नळी कधी लागलीच नाही.
पाय बुडवून तळव्यानं सांगायचे
बांगडा किती वावांवर आहे.
पाऊस सरता सरता खालून वर येणारं पाणी,
हिरवट, काकडीच्या वासाचं,
घोट्याला चावायचं म्हणतात.
ते आलं की मागोमाग तारली.

आश्विन अर्धा संपला.
तळवा गप्प आहे.
काल पाय वर घेऊन पंचाला पुसत एवढंच बोलले,
"पाणी आता भिजवना नाय, शिजवता."

मंगळवारी रापण ओढली.
बेचाळीस माणसं, दोन्ही दोर, जाळं जड.
इतकं जड, की आत्माराम खवणेकरानं
पेन कानावरून काढून टोपण दातात धरलं.
वाळूवर आलं ते सगळं जेलीफिश,
जणू कुणी काचेचे वाडगे धुऊन पालथे घातलेत
मैलभर.
त्यांच्यामध्ये केंड,
पोट फुगवून, लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारखे,
आणि जाळ्याला त्यांच्या दातांची भोकं.

ह्याचे वाटे कसे पाडायचे?
अर्ध्या वाट्याची टोपली घेऊन यशोदी आली होती.
कुणी तिच्याकडे बघेना.
हातांवर चट्टे उठलेले पोरगे
ओली वाळू चोळत बसले.
आत्मारामानं तारीख घातली, खाली रेघ मारली,
टोपण लावलं.

भाचा कृष्णनाथ पाहुण्यांना
तोंडात नळी देऊन खडपावर नेतो.
एक बाई डोकं वर काढून ओरडली,
"अय्या, किती शुभ्र!"
तो काही बोलला नाही, पैसे घेतले.
रात्री जेवताना म्हणाला,
"मामी, ती जांभळी होती ना, कोबीच्या गड्ड्यासारखी,
ती पांढरी पडलीय.
मेलेली नाही अजून. उपाशी आहे.
तिच्या अंगात राहून तिला जेवू घालणारे
उकाड्यानं बाहेर पडले."
मी त्याच्या पानात आणखी भात वाढला.
दुसरं काय करणार.

तीस पूर्णांक दोन.
तीस पूर्णांक सहा.
एक दिवस ढग होते, तेव्हा एकोणतीस पूर्णांक आठ,
त्याच्याशेजारी मी वेड्यासारखं फूल काढलंय.

हल्ली सासरे चहाआधी विचारतात, "आज किती?"
हसत नाहीत.
परवा म्हणाले, अजून एक रकाना पाड,
काय इला नाय, ता लिव.
आणि डोळे मिटून सांगत गेले :
तारली. पेडवे. सौंदाळे.
ती बारीक मोरी, जिचं तिखलं तुझ्या सासूला जमायचं.
तारली म्हणे वर सरकली, थंड पाणी शोधत,
गुजरातच्या अंगाला.
मग थोडं थांबून त्यांनी मुलाचं नाव घेतलं.

वेरावळच्या बोटीवर आहे तो, दोन वर्षं.
फोनवर पाठीमागे इंजिन असतं.
"इकडे चांगली लागते," म्हणतो,
आणि कुणी मेल्याचं सांगावं तसा आवाज खाली आणतो.

ते नाव मी लिहिलं नाही.
पेन्सिल टेकवली होती, तेवढा ठिपका उमटलाय.

उद्या भांगाची भरती.
पाणी फार चढायचं नाही, नेहमीच्या जागी उभं राहता येईल.
सुतळी मात्र कुजत आलीय,
दुसरी बघायला हवी.